रॉड बसला, पण माणूस उभा राहिला का?

बांधकामावरून सुटलेला गवंडी मोटारसायकलवरून गावाकडे निघतो. वळणावर खडी सांडलेली असते, समोरून उसाचा ट्रॅक्टर येतो, ब्रेक करकचून दाबला जातो आणि गाडी घसरून पायावर पडते. लोक धावत येतात, गाडी उचलतात. नडगी मध्येच वाकडी झालेली दिसते. फाटलेल्या पँटमधून हाडाचे टोक बाहेर डोकावत असते. कोणी गमछा आवळून बांधतो, कोणी जखमेत हळद दाबतो. मग मिळेल ती जीप, तालुक्याचा दवाखाना, तिथून जिल्ह्याचे रुग्णालय आणि दोन-तीन दिवसांनी शस्त्रक्रिया. ‘रॉड टाकला, आता काळजी नाही,’ असे एकमेकांना सांगत नातेवाईक घरी परततात.

महाराष्ट्राच्या कोणत्याही तालुक्यात घडू शकेल अशी ही गोष्ट. तिचा पुढचा भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. सहा महिन्यांनी हाच गवंडी घरासमोरच्या ओट्यावर बसलेला असतो. एक्स-रेमध्ये रॉड अगदी सरळ दिसतो. पण टाच जमिनीला टेकत नाही, गुडघा पुरता वाकत नाही, परांचीवर चढायची हिंमत होत नाही. जखमेच्या जागी एक छोटे तोंड उरले आहे, त्यातून अधूनमधून पू येतो. मुकादमाने केव्हाच दुसरा माणूस घेतला आहे. शस्त्रक्रिया कागदावर यशस्वी झाली; माणूस मात्र कामातून गेला.

नडगीच्या मोठ्या दुखापतीत पाय चांगला राहतो की नाही, माणूस कामावर परततो की नाही, याचा निकाल बऱ्याच अंशी दोन टोकांना लागतो. एक टोक अपघातानंतरच्या पहिल्या काही तासांचे आणि दुसरे शस्त्रक्रियेनंतरच्या सहा महिन्यांचे. आपल्याकडे पैसा, सरकारी योजना आणि कुटुंबाचे लक्ष मात्र या दोहोंच्या मधल्या शस्त्रक्रियेवरच एकवटलेले असते. शस्त्रक्रिया महत्त्वाची आहेच. परंतु तिच्या आधीचे आणि नंतरचे काम नीट झाले नाही, तर चांगल्या शल्यचिकित्सकाचे कष्टही वाया जातात. हे दुरुस्त करायला परदेशी यंत्रे लागत नाहीत. म्हणूनच त्याकडे होणारे दुर्लक्ष अधिक खटकते.

कातडीखालचे हाड

गुडघ्याखाली पायात दोन हाडे असतात. आतल्या बाजूचे जाड हाड टिबिया, म्हणजे नडगीचे हाड. मांडीच्या हाडाखालोखाल शरीरातले हे सर्वांत लांब हाड. बाहेरच्या बाजूचे बारीक हाड फिब्युला. शरीराचा बहुतेक भार नडगी पेलते. फिब्युलाच्या वाट्याला साधारण एक दशांश ते एक षष्ठांश भार येतो.

बसल्या जागी नडगीच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवून पाहावे. गुडघ्याखालपासून घोट्यापर्यंत हाड थेट कातडीखाली लागते. मांडीचे हाड मांसाच्या जाड गादीत असते. नडगीला एका बाजूने ती गादीच नाही. या रचनेतूनच पुढच्या सगळ्या अडचणी निघतात. मार लागला की तो हाडावरच बसतो. हाड मोडले की त्याचे टोक सहज कातडी फाडून बाहेर येते. मोडलेल्या हाडाला जुळण्यासाठी लागणारा रक्तपुरवठा बराचसा भोवतीच्या स्नायूंतून मिळतो. तोच तिथे अपुरा असल्याने हाड सावकाश जुळते आणि खालच्या तिसऱ्या भागात तर आणखी सावकाश. शिवाय जखम झाकायला पुरेशी सैल कातडीही तिथे नसते.

लांब हाडांमध्ये सर्वाधिक मोडणारे हाड म्हणून वैद्यकात नडगीची ओळख आहे. आपल्या रस्त्यांचे आकडे पाहिले तर त्याचे गांभीर्य लक्षात येते. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२२ साली देशात ४ लाख ६१ हजार ३१२ रस्ते अपघात झाले, १ लाख ६८ हजार ४९१ माणसे दगावली आणि ४ लाख ४३ हजार ३६६ जखमी झाली. मृतांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक दुचाकीवरचे होते. हेल्मेट डोके वाचवते; नडगीपुढे मात्र काहीच आडवे नसते. मरण पावलेल्यांची मोजदाद होते, जखमींचा एकूण आकडाही छापून येतो. त्या साडेचार लाखांतले किती जण पुन्हा पूर्वीच्या कामावर गेले, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

पहिले तास

हाड मोडले आणि त्या जागी कातडी फाटली, तर त्याला उघडे फ्रॅक्चर म्हणतात. बाहेरची माती, कपड्याचे धागे, जंतू थेट हाडापर्यंत पोहोचतात. अमेरिकेतील रॅमन गुस्टिलो आणि जॉन अँडरसन या डॉक्टरांनी १९७६ साली अशा जखमांची जी वर्गवारी मांडली, तीच थोड्याफार सुधारणांसह आजही जगभर वापरली जाते. एक सेंटीमीटरपेक्षा लहान, स्वच्छ जखम पहिल्या गटात. त्याहून मोठी, पण स्नायूंची फारशी हानी न झालेली दुसऱ्या गटात. आणि मांस चिरडलेली, कातडी सोललेली, मातीने भरलेली जखम तिसऱ्या गटात. शेतात किंवा गोठ्यात झालेली जखम दिसायला लहान असली तरी ती गंभीरच धरावी, असे तज्ज्ञ सांगतात. शेणामातीतले जंतू जखमेचा आकार पाहून आत शिरत नाहीत.

अशा जखमेत सर्वांत आधी लागते ते शिरेतून दिलेले प्रतिजैविक औषध. तिसऱ्या गटातल्या नडगीच्या फ्रॅक्चरचा एक अमेरिकी अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. ज्यांना अपघातानंतर ६६ मिनिटांच्या आत प्रतिजैविक मिळाले आणि ज्यांची जखम पाच दिवसांच्या आत मांस-कातडीने झाकली गेली, त्यांच्यात जंतुसंसर्ग स्पष्टपणे कमी आढळला. अभ्यास लहान होता आणि ६६ हा आकडा काही काळ्या दगडावरची रेघ नव्हे. पण दिशा स्पष्ट आहे. पहिले इंजेक्शन मोठ्या रुग्णालयात पोहोचण्याची वाट पाहत थांबू नये. ते तालुक्याच्या पहिल्याच दवाखान्यात मिळायला हवे आणि त्यासाठी हाडांच्या डॉक्टरची गरज नाही.

जखम धुण्याच्या बाबतीतही असेच. २०१५ सालीच प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, नॉर्वे आणि भारत या पाच देशांतील ४१ रुग्णालयांनी भाग घेतला होता. हातापायांची उघडी फ्रॅक्चर असलेल्या सुमारे अडीच हजार रुग्णांच्या जखमा वेगवेगळ्या प्रकारे धुण्यात आल्या. साध्या सलाईनने जखम धुतलेल्यांपैकी ११.६ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली. साबणाचे द्रावण वापरलेल्यांत हे प्रमाण १४.८ टक्के निघाले. द्रवाचा दाब कमी-जास्त ठेवल्याने काहीच फरक पडला नाही. म्हणजे जोराच्या दाबाने धुणारे महागडे यंत्र नसले तरी अडत नाही. सलाईनच्या बाटल्या आणि ते काम मन लावून करणारा डॉक्टर एवढे पुरते.

रस्त्यावर मदतीला धावणाऱ्यांनी काय करावे, हेही तितकेच साधे आहे. बाहेर आलेले हाड आत ढकलू नये. हळद, कॉफी, तेल, माती काहीही लावू नये. स्वच्छ कापडाने जखम झाकावी, रक्त वाहत असेल तर त्यावरून हाताने दाब द्यावा. पायातला बूट, पैंजण, जोडवी सूज चढण्याआधीच काढावीत. फळी, जाड पुठ्ठा, छत्री, जे मिळेल ते पायाला लावून गुडघा आणि घोटा दोन्ही हलणार नाहीत असे सैलसर बांधावे. शस्त्रक्रियेसाठी भूल द्यावी लागण्याचा संभव असतो, म्हणून खायला-प्यायला देऊ नये. आणि १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून सुरू आहे.

पोलिसांच्या लफड्यात पडायला नको म्हणून आजही अनेक जण लांबून बघतात. ती भीती आता निराधार आहे. आधी उपचार, मग कागदपत्रे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच दिला. मदत करणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठीचे नियम २०१६ साली न्यायालयाने मान्य केले आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने त्यांना कायद्यात जागा मिळाली.

घट्ट पट्टीचा धोका

कातडी फाटलेली नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही. गुडघ्याखालचे स्नायू चार कप्प्यांत विभागलेले असतात आणि प्रत्येक कप्प्याभोवती न ताणणारे चिवट आवरण असते. हाड मोडल्यावर आत रक्त साचते, सूज चढते. आवरण ताणत नसल्याने कप्प्यातला दाब वाढत जातो आणि स्नायूंना रक्त मिळेनासे होते. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. साधारण सहा तासांत स्नायू कायमचे मरू लागतात. त्यावर उपाय एकच, तो म्हणजे शस्त्रक्रियेने आवरण उघडून दाब मोकळा करणे. ते वेळेत झाले तर पाय वाचतो. नाही तर लुळा पडतो, कधी कापावा लागतो.

हा धोका ओळखण्यासाठी घरच्या माणसालाही एक गोष्ट पुरेशी आहे: वेदना. पाय स्थिर बांधल्यावर, दुखण्याचे औषध दिल्यावर वेदना कमी व्हायला हवी. ती वाढतच असेल, पायाची बोटे दुसऱ्याने हळूच ताणली तर रुग्ण किंचाळत असेल, पोटरी दगडासारखी कडक लागत असेल, बोटांना मुंग्या किंवा बधिरपणा येत असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी डॉक्टरांना उठवावे. ‘नाडी लागते आहे, मग ठीक आहे,’ हे समाधान फसवे असते. स्नायू मरत असतानाही पावलातली नाडी लागू शकते. पट्टी किंवा प्लास्टर घट्ट वाटत असेल तर ते ताबडतोब सैल करायला लावावे. ‘थोडे सहन कर’ हा सल्ला या एका बाबतीत घातक आहे.

इथे हाडवैद्यांचा विषय येतोच. बांबूच्या कांबट्या, पाला आणि आवळून बांधलेली पट्टी यांवर अनेक गावांचा विश्वास आहे. त्याची टिंगल करून काही साधत नाही. दवाखाना वीस-तीस किलोमीटरवर असतो, तिथे एक्स-रेचा माणूस आज येईल की उद्या याची खात्री नसते, आणि हाडवैद्य मात्र दाराशी असतो. कातडी न फाटलेली, जागेवरून न सरकलेली काही फ्रॅक्चर्स त्याच्या हातून जुळतातही; कारण अशी हाडे कुणीही हलू दिली नाहीत तर जुळतातच. प्रश्न उरलेल्यांचा आहे. आवळलेल्या पट्टीने दाब वाढतो आणि ज्या सहा तासांत पाय वाचला असता ते घरीच निघून जातात. म्हणून आरोग्य विभागाने हाडवैद्यांना शत्रू न मानता दोन नियम शिकवावेत: जखम उघडी असेल तर हात लावायचा नाही, आणि बोटे बधिर किंवा थंड झाली की पट्टी सोडून रुग्णाला त्याच क्षणी पुढे पाठवायचे. गावाने त्यांना एवढे विचारले तरी कित्येक पाय वाचतील.

शस्त्रक्रिया काय करते आणि काय करत नाही

रॉड हाड जोडतो, हा मोठा गैरसमज आहे. रॉड हाडाच्या आतल्या पोकळीतून घातलेला आधार असतो. मोडलेली टोके सरळ रेषेत, योग्य लांबीवर आणि न फिरता राहावीत, हे त्याचे काम. जोडायचे काम हाड स्वतःच करते. धातूचा कोणताही आधार अनंत काळ टिकत नाही. हाड वेळेत जुळले नाही, तर शेवटी रॉडच तुटतो.

हे जुळणे संथ असते. कातडी न फाटलेले नडगीचे फ्रॅक्चर जुळायला साधारण चार-पाच महिने लागतात. उघडे असेल तर त्याहून बरेच अधिक. या संथपणाचा आदर करणे डॉक्टरांनाही शिकावे लागले आहे. कॅनडा, अमेरिका आणि नेदरलँड्समधील १,२२६ रुग्णांवरच्या, २००८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत एक नियम होता. हाड जुळत नाही या कारणासाठी पहिल्या सहा महिन्यांत शक्यतो पुन्हा शस्त्रक्रिया करायची नाही. त्यामुळे आधीच्या अभ्यासांच्या तुलनेत पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागलेल्यांचे प्रमाण कमी निघाले. अनेक हाडांना दुसऱ्या शस्त्रक्रियेची नव्हे, तर थोड्या अधिक वेळेची गरज होती.

फार चिरडलेल्या पायाच्या बाबतीत पाय वाचवावा की कापावा, हा प्रश्न उभा राहतो. त्यात भारतीय डॉक्टरांनी मोलाची भर घातली आहे. कोइम्बतूरच्या गंगा हॉस्पिटलमध्ये डॉ. एस. राजशेखरन आणि सहकाऱ्यांनी गुणांकनाची एक पद्धत तयार केली. कातडी, हाड, स्नायू आणि रुग्णाचे आधीचे आजार यांना वेगवेगळे गुण देऊन हा निर्णय घ्यायला ती मदत करते. घाईघाईने पाय कापणे जितके वाईट, तितकेच वाचणारच नाही अशा पायावर वर्षभर शस्त्रक्रिया करून कुटुंबाला कर्जात घालणेही वाईट. अशा जखमेत हाडांचा आणि प्लास्टिक सर्जरीचा डॉक्टर पहिल्याच दिवशी एकत्र बसले पाहिजेत. रुग्णाला तीन रुग्णालये फिरवण्यापेक्षा हे दोघे जिथे आहेत तिथे थेट पाठवणे स्वस्त पडते.

उरलेले सहा महिने

आता खरा मुद्दा. अमेरिकेतील आठ मोठ्या अपघात केंद्रांनी पायाच्या अतिगंभीर दुखापतींच्या ५६९ रुग्णांचा दोन वर्षे पाठपुरावा केला. त्याचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. पाय वाचवलेले आणि पाय कापलेले यांच्या दोन वर्षांनंतरच्या स्थितीत मोठा फरक आढळला नाही. दोन्ही गटांत कामावर परतलेले जवळपास निम्मेच होते. कोणाची अवस्था वाईट राहिली, हे शोधताना पुढे आलेली कारणे विचार करायला लावणारी होती: कमी शिक्षण, गरिबी, विमा नसणे, धूम्रपान, आधार देणाऱ्या माणसांचा अभाव, स्वतःवरचा विश्वास खचणे. शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या गोष्टींनी निकाल फिरवला होता. श्रीमंत देशात हे चित्र, तर हातावर पोट असलेल्या आपल्या गवंड्याचे काय होत असेल?

शस्त्रक्रियेनंतर रुग्ण घरी येतो तो अर्धवट सूचना घेऊन. ‘पाय टेकवायचा नाही’ एवढेच त्याच्या लक्षात राहते आणि तेच तो चार-चार महिने पाळतो. वास्तविक फ्रॅक्चर कसे आहे, रॉड कसा बसला आहे, त्यानुसार भार कधी आणि किती द्यायचा हे ठरते. अनेकांना डॉक्टर थोड्याच दिवसांत वॉकर किंवा कुबड्यांच्या आधाराने थोडा भार द्यायला सांगतात, कारण बेताचा भार हाडाला जुळायला मदत करतो. रॉड वाकेल या भीतीने खाटेवर पडून राहिल्याने हाड अशक्त होते, स्नायू वाळतात, रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. उलट सांगितलेले नसताना घाईने पूर्ण भार देणेही चूकच. म्हणून तारीख आणि प्रमाण डॉक्टरांकडून लिहूनच घ्यावे.

सर्वांत जास्त नुकसान करते ती खाली झुकलेली टाच. पाऊल आठवडेच्या आठवडे खाली लोंबते राहिले की मागचे स्नायू आखडतात आणि टाच टेकेनाशी होते. हे टाळायला पैसे लागत नाहीत. पाऊल काटकोनात राहील असा आधार द्यायचा, आणि डॉक्टरांनी परवानगी दिल्यापासून दिवसातून अनेकदा पाऊल वर-खाली करायचे, पंचाचा वेढा तळव्याला घालून स्वतःकडे ओढायचे. गुडघ्याचेही तसेच. रॉड गुडघ्याच्या पुढच्या बाजूने घातला जातो, त्यामुळे नंतर गुडघे टेकताना तिथे दुखणे ही नेहमीची तक्रार असते. खुर्चीवर काम करणाऱ्याला ती फारशी जाणवत नाही. फरशी बसवणारा, खुरपणी करणारी, जमिनीवर मांडी घालून जेवणारा, भारतीय शौचालय वापरणारा यांचे मात्र रोजचे जगणे अडते. हे शस्त्रक्रियेआधीच सांगितले गेले पाहिजे आणि नंतरचे व्यायाम त्याच्या कामाकडे पाहून ठरले पाहिजेत.

आहाराबाबत घराघरांत उलटे पथ्य चालते. आंबट नको, भात नको, अंडी नको, नाही तर जखम पिकेल. जखम पिकते ती जंतूंमुळे, भाताने नाही. हाड आणि मांस भरून यायला प्रथिने लागतात. डाळ, उसळी, दूध, दही, अंडी, परवडेल तसे मासे-मटण हे सगळे चालते आणि हवेच. पायाचे सूप किंवा डिंकाचे लाडू आवडीने खावेत, पण त्यांनी हाड लवकर जुळेल असे समजू नये. विडी-सिगारेट मात्र त्या दिवसापासून बंद. धूम्रपानाने नडगी उशिरा जुळते आणि संसर्ग वाढतो, हे अनेक अभ्यासांत दिसले आहे. मधुमेह असेल तर साखर ताब्यात ठेवणे हाही हाडाचाच उपचार आहे.

या काळात धीर किती लागतो, याचे एक जुने उदाहरण आहे. सोव्हिएत संघाचा उंच उडीपटू व्हॅलेरी ब्रुमेल १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. १९६५ साली मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या उजव्या पायाची नडगी चिरडली. अनेक शस्त्रक्रिया झाल्या, हाड काही जुळेना. अखेर सैबेरियातील कुर्गान गावच्या गॅव्हरिल इलिझारोव्ह या डॉक्टरने आपल्या कड्यांच्या चौकटीने ते जुळवले. पायाभोवती कडी आणि हाडातून आरपार तारा असलेली ती चौकट आज आपल्याकडेही न जुळणाऱ्या हाडांसाठी वापरली जाते. ब्रुमेल पुन्हा दोन मीटरहून उंच उडी मारू शकला. पण त्याला काही वर्षे लागली. जगज्जेत्याच्या मागे देश उभा होता. गवंड्याच्या मागे कोण उभे आहे?

सात दिवस आणि सहा महिने

सरकारने काहीच केले नाही असे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून हाडांच्या अनेक शस्त्रक्रियांचा खर्च भागतो. रस्ते अपघातातील जखमींसाठी केंद्राने मे २०२५ मध्ये विनारोकड उपचारांची योजना लागू केली. तिच्यात अपघातापासून सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार मिळतात. जीव वाचवण्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे. पण नडगी सात दिवसांत जुळत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेचा सदस्य असलेल्या कामगारालाही आजारपणाचा लाभ वर्षाला ९१ दिवस, वेतनाच्या ७० टक्के दराने मिळतो. नडगीला त्याहूनही अधिक दिवस लागतात. आणि रोजंदारीवरचे बहुसंख्य लोक त्या योजनेतही नसतात. पैसा संपला की माणूस एक तर जुळण्याआधीच कामावर जातो आणि रॉड तोडून घेतो, नाही तर तपासणीला जायचे सोडून देतो. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी हा त्याच्या दृष्टीने उपचाराचाच खर्च असतो.

यावर कोणी म्हणेल, प्रत्येक तालुक्यात हाडांचा डॉक्टर देणे शक्य नाही. खरे आहे, आणि त्याची गरजही नाही. गरज आहे ती चार गोष्टींची. पहिली: १०८ रुग्णवाहिका आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात उघड्या फ्रॅक्चरसाठी ठरलेला क्रम असावा. पाय स्थिर करणे, प्रतिजैविकाचा पहिला डोस, धनुर्वाताचे इंजेक्शन, आणि हे सारे किती वाजता दिले त्याची चिठ्ठी रुग्णासोबत. दुसरी: रुग्णालयातून सोडताना मराठीतले एक कार्ड द्यावे, भार कधी, किती, कोणते व्यायाम, कोणत्या लक्षणांवर लगेच यायचे आणि पुढची तारीख. तिसरी: ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या दोन दिवशी फिजिओथेरपिस्ट बसावा, म्हणजे व्यायामासाठी जिल्ह्याला जावे लागणार नाही. चौथी: शस्त्रक्रियेच्या मंजूर रकमेला पुढचे सहा महिने जोडलेले असावेत. म्हणजे तपासणीचा प्रवास, व्यायाम, आणि डॉक्टरने कामाला योग्य ठरवेपर्यंत थोडा निर्वाहभत्ता. बांधकाम कामगारांसाठी कल्याणकारी मंडळ आहे. सुरुवात तिथून करता येईल.

या सर्वांचा खर्च एका फसलेल्या शस्त्रक्रियेच्या दुरुस्तीपेक्षा जास्त होण्याचे कारण नाही. हाडात शिरलेला संसर्ग काढायला पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया लागतात आणि त्या बऱ्याचदा त्याच योजनेच्या पैशांतून होतात. आधी थोडे देण्यात सरकारचाही फायदा आहे.

धोरण बदलेल तेव्हा बदलेल. तोवर घरच्यांनी रुग्णाला घरी आणण्याआधी डॉक्टरांना तीन प्रश्न जरूर विचारावेत. पायावर भार कधीपासून आणि किती द्यायचा? घोटा आणि गुडघ्याचे व्यायाम कोणते, ते आता आमच्यासमोर करून दाखवाल का? आणि याचे काम परांचीवर चढण्याचे आहे. त्या दिवसापर्यंत पोहोचायला काय काय लागेल? डॉक्टर घाईत असतील, बाहेर रांग असेल, तरीही विचारावेत. रॉड नीट बसला का, हे एक्स-रे सांगेल. माणूस उभा राहणार का, हे या तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांच्या कष्टांवर ठरणार आहे.